आधी ओव्हरटाइम पगाराच्या स्लिपवर येऊ द्या

संपादक महोदय,

अमेरिकेत टिप आणि ओव्हरटाइमवरचा आयकर माफ झाल्याचे मेसेज आमच्या कामगारांच्या ग्रुपवर फिरतात आणि ‘आपल्याकडे कधी?’ असा प्रश्न येतो. मी हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर आहे.

तिथली सवलत २०२५ ते २०२८ या वर्षांपुरतीच आहे. ओव्हरटाइमसाठी एकट्याला वर्षाला साडेबारा हजार डॉलरपर्यंत, तीही दीडपट मजुरीतल्या नेहमीच्या दराच्या वरच्या अर्ध्या पटीवर. हा वरचा भाग वेगळा काढायचा तर तास आणि दर कागदावर असावे लागतात. आमचं घोडं पेंड खातं ते इथेच.

आपल्याकडे नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही. म्हणजे आमच्या कारखान्यात ही सवलत घेणार कोण? प्रश्न हक्काच्या पैशाचा आहे. १८ हजार पगार असेल तर २६ दिवस, ८ तास धरून तासाला साडेशहाऐंशी रुपये पडतात. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, म्हणजे १७३ रुपये. आम्हाला मिळतो सिंगल रेटने, तोही पाकिटातून रोख. तास सुपरवायझरच्या वहीत, आणि स्लिपवर ओटीच्या रकान्यात शून्य.

या शून्याची किंमत आजारपणात कळली. ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, आजारपणाचा भत्ता नोंदलेल्या वेतनाच्या ७० टक्के असतो आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत ओव्हरटाइम त्या वेतनात धरत. त्या काळात आमच्यातला एक जण कावीळ होऊन घरी बसला, तेव्हा भत्ता आला तो नुसत्या स्लिपवरच्या पगारावर. रात्री जागून केलेल्या तासांचं काहीच त्यात नव्हतं. दोन लहान मुलं आहेत त्याला.

करातच सूट द्यायची तर व्यवसाय करात द्या. तो राज्याच्याच हातात आहे. महिना दहा हजारांवर कमावणाऱ्या पुरुषाला वर्षाला २,५०० रुपये लागतात. लाखभर पगारवाल्यालाही तेवढेच. महिलांना २५ हजारांपर्यंत माफी आहे, ती रास्तच आहे. तीच मर्यादा सगळ्यांना लावा.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. मग त्या तासांचे पैसे दुप्पट दराने, बँकेतून आणि स्लिपवर दाखवून मिळतात का, हेही सरकारनेच तपासावं. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ऑफिसातल्या रजिस्टरवर न थांबता सुपरवायझरची वही मागावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

एक सीएनसी ऑपरेटर, हडपसर, पुणे