स्टुडिओंच्या निगेटिव्ह भंगारात जाऊ देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनवलेला डिजिटल कॅमेरा आणि त्याच कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये काढलेली दिवाळखोरी, हा प्रवास त्यात छान मांडला आहे. पण रोलवर काढून झालेल्या लाखो फोटोंच्या निगेटिव्हचे पुढे काय झाले, यावर त्यात एक ओळही नाही. पुणेकरांशी संबंध आहे तो याच प्रश्नाचा.

मी पेठेतल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये अनेक वर्षे काम केले. लग्न असो, मुंज असो की नोकरीच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो, निगेटिव्ह आम्ही स्टुडिओतच ठेवायचो. पाकिटावर नंबर आणि वहीत त्या नंबरापुढे नाव व तारीख. पुढे कधी घरात कोणी गेले आणि हार घालायला मोठा फोटो हवा झाला, की घरचे लोक आमच्याकडेच यायचे. वही उघडायची, नंबर शोधायचा, निगेटिव्ह एन्लार्जरला, म्हणजे फोटो मोठा करून छापायच्या यंत्राला लावायची. त्यामुळे जुन्या स्टुडिओंच्या पोटमाळ्यांवर अख्ख्या पेठांच्या दोन-तीन पिढ्या साठलेल्या आहेत. आता पाडलेले वाडे, गणपतीच्या मिरवणुका, शाळांचे ग्रुप फोटो, १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतरचे चिखलाने भरलेले रस्ते.

हा साठा आज वजनावर विकला जातो आहे. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवरचे चित्र चांदीच्या कणांचे असते. हायपोत, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, बाकीची चांदी धुऊन जाते, चित्राची तेवढी राहते. दवाखान्यांतले जुने एक्स-रे ज्या चांदीसाठी उचलतात, तिच्यासाठीच या निगेटिव्हही उचलतात. कलर निगेटिव्हमधली चांदी धुतानाच निघून जाते, मागे फक्त रंग उरतो. म्हणून ती थेट कचऱ्यात. वही तर त्याआधीच रद्दीत गेलेली असते, आणि वही गेली की फोटोतला माणूस कोण, हे कायमचे पुसले जाते.

माझा डिजिटलला विरोध नाही. छत्तीस फोटोंच्या रोलवर लग्न भागवताना एकेक फोटो मोजून काढावा लागे, ती ओढाताण संपली हे चांगलेच झाले. उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना बंद पडला, 'इंदू'चे रोल परत येणार नाहीत, हेही मान्य. मात्र आता स्टुडिओवाला सगळे फोटो पेनड्राइव्हवर देऊन टाकतो आणि पुढच्या लग्नसराईसाठी हार्डडिस्क रिकामी करतो. गल्लीतल्या माणसांचे फोटो एका जागी साठत जाण्याची ती पद्धतच संपली. म्हणून जे उरले आहे ते जपायला हवे.

सिनेमासाठी आपल्याकडे लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, कागदपत्रांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. जानेवारी २००३ च्या आगीत प्रभातच्या काळातल्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म जळाल्या, तेव्हा काय गमावले हे या शहराने पाहिले आहे. स्टुडिओंच्या निगेटिव्हसाठी महापालिकेने किंवा विद्यापीठाने निदान एक कोरडी, थंड खोली द्यावी. निगेटिव्ह वहीसकट घ्याव्यात, घरगुती फोटो त्या कुटुंबाच्या परवानगीशिवाय दाखवू नयेत. खालून उजेड देणाऱ्या लाइट बॉक्सवर निगेटिव्ह ठेवून, अगदी जवळून फोटो घेणाऱ्या मॅक्रो लेन्सच्या डिजिटल कॅमेऱ्याने तिची उत्तम कॉपी होते. फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांना हे काम सहज जमेल. रंग उडत जातात, म्हणून कलर निगेटिव्ह आधी घ्याव्यात. कॉपी झाली तरी मूळ निगेटिव्ह टाकू नये.

जुन्या स्टुडिओमालकांनाही विनंती आहे. पत्र्याखालच्या माळ्यावरून निगेटिव्ह खाली आणा. प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढून बटर पेपरच्या पाकिटांत घाला, कोरड्या कपाटात ठेवा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणाऱ्या निगेटिव्ह वेगळ्या काढा, नाहीतर शेजारच्याही खराब होतील. वही जवळच ठेवा. ज्या संस्था हा ठेवा घ्यायला तयार असतील, त्यांची नावे आपण आपल्या दैनिकात जरूर छापावीत, म्हणजे भंगारवाल्याला बोलावण्याआधी कुठे जायचे ते लोकांना कळेल.

आपला,
एक निवृत्त डार्करूम कामगार,
नारायण पेठ, पुणे