सोसायचं कुणी?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या कामावर न झालेल्या तपासणीच्या नोंदी भरल्या जातात, खाली सही मात्र नव्यानं लागलेल्या त्या मुलीची घेतात, आणि तू रोज देवापुढे बसून 'बोलू की नको' विचारतोस. त्याआधी दुसरं विचार: मी गप्प राहिलो तर सोसणार कोण?

तुझं श्रेय कुणी लाटलं, बैठकीत तुला टाकून बोललं, तर खुशाल सोड. ती क्षमा, आणि ती करायचा हक्क तुझा. इथे चौकशी लागली तर अडकेल ती मुलगी, आणि वस्तू बिघडली तर भोगेल तो वापरणारा. दुसऱ्याच्या वाट्याचं तू परस्पर माफ करू शकत नाहीस. अशा वेळी 'देव बघून घेईल' म्हणणं म्हणजे श्रद्धेच्या नावाखाली अंग काढून घेणं.

'न बोलायचं ठरवलं की मन शांत होतं, तोच कौल समजू का?' असं विचारलंयस. नको. भीती टळली की कुणालाही हलकं वाटतं. पुढच्या कागदावर तिची सही पाहतानाही तसंच शांत वाटतं का, ते बघ.

द्यूतसभेतला विकर्ण आठव. दुर्योधनाचा धाकटा भाऊ. द्रौपदीच्या प्रश्नाला थोरांनी उत्तर द्यावं असं त्यानं आधी म्हटलं, थांबला, आणि कुणी बोलेना तेव्हा ती जिंकली गेलेलीच नाही याची कारणं मांडली: युधिष्ठिर व्यसनाच्या भरात होता, तिला पणाला लावायला शकुनीनं सुचवलं, ती पाचांची पत्नी, आणि तो स्वतःला आधीच हरला होता. शिवीगाळ नाही, नुसते मुद्दे. कर्णानं त्याला गप्प केलं, हेही खरं. तेव्हा बोललं की ऐकलं जाईलच असं धरून जाऊ नकोस.

आता कामाचं. ज्यात कुणाच्या जिवाला धोका आहे, ते त्याच दिवशी सांगायचं, तिथे रात्र थांबणंही चूक. कामाच्या निर्णयाविषयीचं म्हणणं निर्णय पक्का होण्याआधी. नंतर बोललं तर ते कुरकुर वाटतं. राग फक्त स्वतःच्या अपमानाचा असेल, तर एक रात्र जाऊ दे, सकाळी निम्मा उरत नाही. तुझ्या प्रकरणात जिवाचा प्रश्न आहे का, हे आजच ठरव. असेल तर पुढचं सगळं आटोपशीर कर, पण आजच कर.

एक कोरा कागद घे. डाव्या बाजूला डोळ्यांनी पाहिलेलं: तारीख, नोंद क्रमांक, यंत्र त्या वेळी बंद होतं का. उजव्या बाजूला तुझा तर्क. 'साहेबांनीच सांगितलं असणार' हे उजवीकडे जातं आणि बोलताना तिथेच राहतं. डावीकडे दोन-तीन पक्क्या गोष्टी नसतील तर तू अजून बोलायला तयार नाहीस, बघायला तयार आहेस. कार्यालयाची कागदपत्रं मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस. नोंदी बाजूला राहतात आणि तुझीच चौकशी सुरू होते.

मग त्या मुलीशी बोल. तिला न विचारता तिच्या वतीने लढू नकोस. त्यानंतर साहेबांशी एकटं, दार लावून, दोन मिनिटं. ज्ञानेश्वरांनी बोलणं 'साच आणि मवाळ' असावं म्हटलं, पुढे 'मितले', म्हणजे मोजकं, असंही म्हटलं; ते आपण विसरतो. एकच मुद्दा ने. सुट्टीचं, बढतीचं गाऱ्हाणं जोडलंस की मूळ मुद्दा बुडाला. 'सगळ्यांचं म्हणणं आहे' म्हणू नकोस, लगेच नावं विचारतात. 'या तारखेला यंत्र बंद होतं, तरी नोंद आहे. हे कसं दुरुस्त करायचं?' एवढं पुरे. धर्म, पाप, देव हे शब्दही काढू नकोस. ते तुझं बळ आहे, समोरच्यावर रोखायचं हत्यार नव्हे, आणि समोरच्याला त्यात उपदेश ऐकू येतो.

त्याच दिवशी चार ओळींचा मेल: काय बोललो, काय ठरलं, कधीपर्यंत. वरिष्ठांना प्रत लावायची नाही, पहिल्याच फेरीत तो वार वाटतो. ठरलेली तारीख उलटली तर मात्र नियमपुस्तिकेत सांगितलेल्या पुढच्या माणसाकडे जा, आणि हा मेल सोबत ने. पण साहेबच यात आहेत आणि कागद नाहीसे करतील असं दिसत असेल, तर ही एकांताची पायरी गाळ. सावध करणं आणि समजावणं यांत फरक आहे. छळाच्या तक्रारीतही हीच रीत. पीडित माणसाला 'आधी त्याच्याशी एकटी बोल' सांगणं क्रूरपणा आहे.

आणि चहाच्या वेळी सहकाऱ्यांना सांगून मन मोकळं करू नकोस. ती निंदा होते, आणि साहेबांच्या कानावर तुझ्याआधी पोचते.

कागद लिहून झाला की डावीकडची बाजू मला वाचून दाखव. तर्क चुकून तिकडे सरकला असेल तर सांगेन.

तुझाच

ता. क. घरात सांगितलंस का? यात बदली होऊ शकते. त्यांना ते तुझ्या तोंडून आधी कळू दे.