चावडीवरचे जाहीरनामे वाचवायचे आहेत: वाचनालयाचे आवाहन

सर्व सभासद, गावकरी, माहेरवाशिणी आणि मुंबई-ठाण्याला स्थायिक झालेली आपली मंडळी यांना सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी खालच्या आळीतला एक जुना वाडा पाडायला काढला, तेव्हा माळ्यावरून लाल कापडात बांधलेले कागदांचे रुमाल निघाले. घरच्यांनी ते रद्दीत न घालता वाचनालयात आणून दिले. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. (नाव छापू नका, असे त्यांनीच बजावले आहे.) रुमाल सोडल्यावर आत इंग्रजी अमलातले सरकारी कागद निघाले. बहुतेक १८६९ नंतरचे, म्हणजे कुलाबा (आजचा रायगड) हा वेगळा जिल्हा झाल्यापासूनचे. जाहीरनामे, नोटिसा, लिलावाची पत्रके, मुंबई सरकारच्या गॅझेटचे सुटे अंक. काही शिळाप्रेसवरचे, काही बाळबोध (देवनागरी) टायपातले आणि उरलेले सगळे हातचे मोडी.

हे आवाहन त्या कागदांसाठी आहे. पैसे हवेत, ते पुढे सांगतोच. पण आधी कागद काय आहेत ते ऐका, कारण “जुनी सरकारी रद्दी, तिच्यावर खर्च कशाला?” असा सूर सर्वसाधारण सभेत निघाला होता. तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. जे वाचताच येत नाही त्याबद्दल माणूस दुसरे काय बोलणार?

एकच कागद उलगडून दाखवतो. १८७८ च्या जंगल कायद्याखालचा जाहीरनामा आहे. अमुक डोंगर, अमुक ओढ्यापासून अमुक बांधापर्यंत, सरकार राखीव जंगल करणार आहे. कोणाचा काही हक्क असेल तर त्याने जंगल सेटलमेंट ऑफिसरकडे लेखी कळवावे अगर समक्ष येऊन सांगावे. कायद्यात त्यासाठी निदान तीन महिन्यांची मुदत होती आणि जाहीरनामा आसपासच्या गावोगावी तिथल्या भाषेत लावायचा, असेही कलम होते. मुदतीत जो बोलला नाही त्याचा हक्क संपला. सरपण तोडणे, गुरे चारणे, भाताच्या रोपांसाठी राब भाजायला टाहाळ आणणे, पाणवठ्याची वाट, जे काही असेल ते. आमच्या मते त्या काळच्या सगळ्या सरकारी कागदांत हाच सर्वांत थंड डोक्याचा. यात धमकी नाही, दंड नाही, चढा आवाज नाही. फक्त एक तारीख आहे.

आता हाच कागद उलटा करा. मागच्या बाजूला मोडीत लिहिले आहे की जाहीरनामा चावडीवर वाचून दाखवला, दवंडी पिटवली. खाली साक्षीदार. लिहिता येणाऱ्यांच्या सह्या, बाकीच्यांच्या निशाण्या. शेतकऱ्याने नांगर काढला आहे. एका बाईच्या नावापुढे बांगडीचा गोल आहे, जरा वेडावाकडा, शाई ओघळलेला. नाव वाळवीने अर्धे खाल्ले आहे. तिचा डोंगरावर काय हक्क होता, तिने तो सांगितला की नाही, हे याच रुमालातल्या पुढच्या कागदांत असण्याची शक्यता आहे. पण ते कागद एकमेकांना इतके चिकटले आहेत की आपण हात लावला तर तुकडे पडतील. म्हणून लावलेला नाही.

दवंडी कोण पिटत होते, हेही इथे लिहायला हवे. महार वतनदार. सरकारी कामासाठी कोणत्याही वेळी हाक मारावी आणि त्याने निघावे, असे ते वतन. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजांनी ही जुनी चाकरी कागदावर पक्की केली, बाबासाहेबांनी तिच्याविरुद्ध आयुष्यभर झगडा दिला आणि कायद्याने ती संपायला १९५८ साल उजाडावे लागले. या जाहीरनाम्यांच्या पाठीवर जिथे जिथे “दवंडी दिली” असे आहे, तिथे दवंडी देणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. जिथे सापडेल तिथे ते यादीत आधी नोंदवायचे, असे कार्यकारी मंडळाने ठरवले आहे.

बाकीच्या रुमालांत काय काय आहे ते थोडक्यात. १८७८ च्याच आबकारी कायद्याखालच्या माडांच्या नोटिसा: परवान्याशिवाय माडीसाठी माड छेदायचा नाही, झाडागणिक कर, झाडावर नंबर. आपल्याकडच्या भंडारी घरांत अजूनही आजे-पणजे या नंबरांची गोष्ट सांगतात, तिचा कागद हा. मिठागरांच्या नोटिसा भरपूर. मिठावरची पट्टी १८८२ साली मणामागे २ रुपयांवर आली आणि १८८८ साली पुन्हा अडीच रुपये झाली, ते वाढीचे पत्रक फाटक्या अवस्थेत आहे. कोंडवाड्याच्या लिलावाची पत्रके तर इतकी आहेत की त्या काळी गावची गुरे घरात कमी आणि कोंडवाड्यातच जास्त असत की काय, असे वाटावे. त्यांत गुरांचे वर्णन मात्र फार बारकाईने केलेले असते: शिंग मोडके, कपाळावर चांद, शेपटीचा गोंडा पांढरा.

आणि मोहाची फुले. हे आमच्या कार्यकारी मंडळातही अनेकांना ठाऊक नव्हते. १८९२ साली मुंबई सरकारने मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला, तोही मुख्यतः ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांवर नजर ठेवून. चोरून दारू गाळली जाते, हे कारण. चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचायची, वाळवायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर धान्य सरले की तीच खायची, ही कातकरी आणि ठाकर वाड्यांची रीत. सरकारच्या लेखी फूल म्हणजे दारू. वाडीत फूल म्हणजे जेवण. त्या कायद्याचे एक मराठी पत्रक आपल्याकडे आले आहे आणि ते जवळजवळ अखंड आहे.

या कागदांचा आज उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना पुरावा म्हणून जुने सरकारी दस्तऐवज, गॅझेटिअर, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल, जंगल चौकशीचे कागद चालतात. आपल्या तालुक्यातल्या वाड्यांचे सामूहिक दावे, दळी जमिनींचे (म्हणजे डोंगरउतारावर कसायला दिलेल्या जंगलजमिनींचे) दावे वर्षानुवर्षे रखडले आहेत. एक जुना जाहीरनामा दाखवला की दावा मंजूर, असे कोणी समजू नये. तसे होत नाही. पण एखाद्या डोंगरावर अमुक वाडीची चराई आणि राब होता, हे खुद्द सरकारच्या कागदावर लिहिलेले सापडले तर ग्रामसभेच्या हातात काहीतरी येते. राबाच्या आणि जंगलाच्या तक्रारी ठाणे-कुलाब्यात इतक्या वाढल्या होत्या की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. त्या तक्रारींमागची गावे आणि माणसे आपल्या रुमालांत असतील, अशी आशा आहे.

“मुंबईच्या पुराभिलेखागारात हे सगळे असेलच की,” असेही कोणी म्हणेल. गॅझेटचे अंक असतील, कायद्यांचे मसुदे असतील. ते दफ्तरखाने १८२१ साली सुरू झाले आणि मोठे आहे. पण चावडीवर लावलेल्या प्रतीच्या पाठीवरचा मजकूर, ती नांगराची आणि बांगडीची निशाणी, गावातल्या प्रतीवरच असणार.

आता काम. पहिले म्हणजे वाळवी आणि कसर थांबवणे. ते झाले, कागद सध्या लोखंडी कपाटात वेगळे ठेवले आहेत. दुसरे, चिकटलेले कागद सोडवून त्यांना पातळ जपानी कागदाचा आधार देणे. हे जाणकाराचेच काम आहे. सेलोटेप आणि लॅमिनेशन ही दोन्ही कागदाची वैरी, तेव्हा “आमच्या ओळखीचा लॅमिनेशनवाला स्वस्तात करून देईल” अशा सूचना कृपया करू नयेत, तीनदा आल्या आहेत. तिसरे, प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्रण. चौथे, मोडीचे बाळबोध लिप्यंतर आणि यादी. कागद दुरुस्त करणाऱ्यांकडून आलेली दोन अंदाजपत्रके वाचनालयाच्या फलकावर लावली आहेत. कोणीही येऊन वाचावीत, शंका विचाराव्यात.

देणगी १०० रुपयांपासून पुढे कितीही स्वीकारली जाईल. एखाद्या कुटुंबाने किंवा मित्रमंडळाने एका अख्ख्या रुमालाचा खर्च उचलला तर यादीत त्या रुमालापुढे तसा उल्लेख राहील. दाराबाहेर संगमरवरी पाटी मात्र लागणार नाही. रोख, धनादेश किंवा थेट खात्यावर, तिन्ही चालतील. खाते क्रमांक या पत्रकात मुद्दाम दिलेला नाही. हल्ली आवाहनाचे फोटो पुढे ढकलताना त्यातला क्रमांक बदलून फसवणूक होते. क्रमांक वाचनालयात येऊन किंवा ओळखीच्या सभासदामार्फत घ्यावा. पावती प्रत्येकाला मिळेल. आयकरात सवलत देणारे प्रमाणपत्र आपल्या संस्थेकडे नाही, हे आधीच सांगतो.

पैशांपेक्षा दुर्मिळ आहेत मोडी वाचणारे हात. गावात पंच्याहत्तरीच्या पुढची जी मंडळी लहानपणी मोडी शिकली असतील, त्यांनी रविवारी सकाळी तासभर वाचनालयात यावे. चष्मा, चहा आणि भिंग यांची सोय आहे. येणे जमत नसेल तर घरी पानांच्या मोठ्या झेरॉक्स पाठवू. कॉलेजच्या मुलामुलींनी मोडी शिकायची तयारी दाखवली तर सुट्टीत वर्ग घेऊ. शिकवायला एक निवृत्त तलाठी तयार आहेत. स्वच्छ अक्षर आणि भरपूर धीर असला की पुरे. इतिहासाची पदवी लागत नाही.

आणखी एक मागणे. तुमच्याही माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात असे कागद असतील. सनदा, पावत्या, जप्तीच्या नोटिसा, दळीचे उतारे. ते वाचनालयाला देऊन टाका, असे आम्ही म्हणत नाही. आणा, तुमच्यासमोर फोटो काढू, लगेच परत न्या. जमिनीचे काही जुने भांडण असेल आणि कागद दाखवायची भीती वाटत असेल, तर तो कागद आणू नका. आम्ही विचारणारही नाही. कातकरी आणि ठाकर वाड्यांतल्या कोणाकडे दळीची जुनी पावती असेल तर तिची एक प्रत आपल्याकडे आणि एक ग्रामसभेकडे राहावी, एवढे मात्र आग्रहाने सांगतो. मूळ कागद कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही.

घाई एवढ्याचसाठी की पाऊस जवळ आला आहे. २००५ आणि २०२१ च्या पुरात चिपळूणच्या वाचनालयाची पुस्तके भिजली, ते आपण सर्वांनी पाहिले. आपले कपाट तळमजल्यावर आहे आणि वरच्या खोलीचे छप्पर गळते. छपराचे काम ग्रामनिधीतून मंजूर झाले आहे, ते मे अखेरपर्यंत उरकायचे आहे. त्यानंतर कपाट वर न्यायला चार-सहा धडधाकट माणसे लागतील. ज्यांना पैसे देणे किंवा मोडी वाचणे जमणार नाही त्यांनी निदान त्या दिवशी यावे. तारीख फलकावर लावू आणि जुन्या पद्धतीप्रमाणे बाजाराच्या दिवशी रिक्षावरून पुकारूही.

आपली,
वाचनालयाची कार्यकारी समिती