कविता पाठ हवी, पण गुणांसाठी नको

महोदय,

हल्ली शाळांच्या कवितावाचन स्पर्धांत मुलं सर्रास मोबाइलमध्ये बघून कविता वाचतात. हटकलं तर उत्तर तयार असतं, ‘घोकंपट्टी कशाला?’ सनावळीबद्दल हा प्रश्न मान्य. कवितेबद्दल मुळीच नाही.

आपली जुनी कविता तोंडी राहावी अशीच बेतलेली आहे. ‘मोठा अभंग’ या छंदाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. मधला एखादा शब्द विसरला तर जीभ तिथेच अडते आणि कानच तो शब्द शोधून देतो. मनाचे श्लोक 205 आहेत, सगळे भुजंगप्रयात या एकाच वृत्तात. चाल एकदा बसली की पुढचा श्लोक मागच्याचं बोट धरून येतो. गणेश चवथीला घुमट-शामेळ या आपल्या तालवाद्यांवर आरती रंगते तेव्हा बघा. ज्याचे दोन्ही हात घुमटावर, तो पुस्तक धरणार कुठे? बघून म्हणणारे तर दुसऱ्या कडव्यालाच मागे पडतात.

अर्थ कळल्याशिवाय पाठ करू नये, असंही ऐकवलं जातं. लहानपणी पाठ केलेल्या ओळीचा अर्थ चाळिशीत उमगतो, पण त्यासाठी ती ओळ आधी डोक्यात हवी ना!

बोरीच्या बाकीबाबांच्या, म्हणजे कवी बा. भ. बोरकरांच्या, गोव्यात प्राथमिक शाळांनी महिन्याला एक मराठी कविता पाठ करून घ्यायला काय हरकत आहे? तिला गुण मात्र ठेवू नयेत. ठेवले की शिकवणीवाले आलेच. आणि प्रत्येक ओळीला हातवारे शिकवायची हौस बाईंनी जरा आवरावी.

– एक निवृत्त शिक्षक, फोंडा