समासातल्या ‘कोणती कोकिळा?’ या प्रश्नाबद्दल

आदरणीय सेन्सेई,

सादर नमस्कार.

जपानी हायकूंच्या माझ्या अनुवादाचे हस्तलिखित आपण वाचून परत केलेत, तेव्हा ‘होतोतोगिसू’ या कुक्कूच्या कुळातल्या पक्ष्यासाठी मी सर्रास लिहिलेल्या ‘कोकिळा’ या शब्दाभोवती पेन्सिलीचे वर्तुळ होते आणि समासात एवढेच विचारले होते : ‘कोणती कोकिळा?’ त्या प्रश्नाबद्दल आणि त्यापायी आपण माझ्यासाठी मोडलेल्या दोन संध्याकाळींबद्दल आज जाहीरपणे आभार मानतो.

आपण माझ्या वहीत ह्या पक्ष्याच्या नावाची दोन चिनी चिन्हे काढलीत. चिनी माणूस ती ‘दूज्वान’ अशी वाचतो, जपानी ‘होतोतोगिसू’ अशी, आणि व्हिएतनामीत त्यांचा उच्चार ‘दो क्विएन’ होतो. मूळ कथा शू राज्याच्या, म्हणजे आजच्या सिचुआनकडच्या, दू यू राजाची : मरणानंतर त्याचा आत्मा पक्षी झाला आणि रक्त ओकेपर्यंत आक्रंदत राहिला, त्या रक्ताने रंगले असे मानलेल्या लाल फुलांनाही चिनीत ‘दूज्वान’च म्हणतात. १८८९ साली क्षयाने तोंडातून रक्त पडले, तेव्हा मासाओका या तरुण जपानी कवीने ह्याच पक्ष्याचे आणखी एक चिनी नाव, ‘शिकी’, टोपणनाव म्हणून घेतले. हे मी पूर्वी वाचले होते, पण त्यातला पक्षी मला आपल्यामुळे दिसला. व्हिएतनाममध्ये तर कथा तीच राहिली आणि पक्षीच बदलला! तिथे ती ‘कुओक’ या पांढऱ्या छातीच्या पाणकोंबडीला जाऊन चिकटली, आणि ‘देश’ या अर्थाचा शब्दही कानाला तसाच लागत असल्याने बा हुएन थान क्वान या कवयित्रीच्या न्गांग खिंडीवरील कवितेत त्या पाणकोंबडीची हाक देशाच्या आठवणीने व्याकूळ झालेली आहे.

ओघात आपण कुक्कूचे ‘बूगू’ हे चिनी नावही सांगितलेत. ते पडले हाकेवरून, पण लिहिताना त्यात धान्याचे चिन्ह येत असल्याने ऐकणाऱ्याला पेरणीची सूचना मिळते. आपल्याकडे ‘पेरते व्हा’ सांगणारा पावशा कुळाने त्याचाच भाऊबंद.

अनुवादात आता ‘होतोतोगिसू’ तसेच ठेवले आहे. मात्र होतोतोगिसू ज्याच्या घरट्यात अंडी घालतो, त्या ‘उगुइसू’ला मी पुढच्याच पानावर ‘बुलबुल’ करून टाकले आहे. सोबत ते पानही पाठवत आहे. पेन्सिल हाताशी असू द्यावी.

आपला विद्यार्थी