बटलर काउंटीतल्या टोर्नेडोंची नोंद आणि घरोघरी वेदर रेडिओ: मदतीसाठी आवाहन

सीडर फॉल्स, वॉटर्लू आणि आसपासच्या गावांतल्या मराठी मंडळींना, इथून बदली होऊन गेलेल्यांना, आणि पुण्यात बसून वॉटर्लूच्या ट्रॅक्टर कारखान्यातल्या लोकांशी रोज संध्याकाळी फोनवर बोलणाऱ्या मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

वादळांचा मोसम तोंडावर आला आहे. अमेरिकेतल्या आपल्या आयोवा राज्यात टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा, वर्षभरात कधीही येऊ शकतो, पण मे आणि जून हे त्याचे खरे महिने, आणि दुपारी तीन ते रात्री नऊ ही त्याची वेळ. त्याआधी दोन कामं हातावेगळी करायची असं मंडळानं ठरवलं आहे. दोन्ही कामं आपल्या ब्लॅक हॉक काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) वायव्येला लागून असलेल्या बटलर काउंटीतली आहेत. पहिलं, तिथल्या शेतावरच्या घरांत आणि मोबाइल होममध्ये, म्हणजे पक्का पाया नसलेल्या तयार घरांत, वादळाचा इशारा देणारे वेदर रेडिओ बसवणं. दुसरं, तिथल्या टोर्नेडोंच्या आठवणी, ज्यांनी ते पाहिले त्यांच्याच तोंडून नोंदवून घेणं. पहिल्या कामाला पैसे हवेत, दुसऱ्याला माणसं हवीत.

बटलर काउंटी आपल्यापैकी बहुतेकांनी गाडीच्या काचेतूनच पाहिलेली असते. मका, सोयाबीन, धान्याच्या उंच कणग्या, मध्येच एखादं गाव. अ‍ॅलिसन हे काउंटीचं मुख्य ठिकाण. सगळ्या काउंटीची वस्ती चौदा हजारांच्या आसपास. सीडर फॉल्सहून हायवे ५७ धरला की न्यू हार्टफर्ड लागतं आणि पुढे पार्कर्सबर्ग. अर्ध्या तासाचा रस्ता.

याच रस्त्यावर २५ मे २००८ च्या रविवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास जे झालं, ते आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना माहीत आहे, कारण बहुतेक जण त्यानंतर इथे आले. मेमोरियल डेची जोडसुट्टी होती. हायस्कूलचं शिक्षण संपलेल्या मुलांच्या घरी कौतुकाच्या पार्ट्या असतात, ते हे दिवस. टोर्नेडो पार्कर्सबर्गच्या दक्षिण भागावरून गेला. त्याचा पट्टा काही ठिकाणी मैलाहूनही रुंद होता. पाहणीनंतर त्याला ईएफ-५ ही सर्वांत वरची श्रेणी दिली गेली. वाऱ्याचा वेग ताशी २०५ मैल, म्हणजे सुमारे ३३० किलोमीटर असावा, असा अंदाज निघाला. ही नवी श्रेणीपद्धत फेब्रुवारी २००७ मध्ये लागू झाली होती. तिच्यात ईएफ-५ ठरलेला पहिला टोर्नेडो कॅन्ससमधल्या ग्रीन्सबर्गचा, दुसरा पार्कर्सबर्गचा. आयोवात इतक्या ताकदीचा टोर्नेडो त्याआधी १९७६ च्या जूनमध्ये जॉर्डन गावापाशी झाला होता.

पार्कर्सबर्गमध्ये सात आणि न्यू हार्टफर्डजवळ दोन, अशी नऊ माणसं गेली. जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावातली तीनशेच्या आसपास घरं जमीनदोस्त झाली. हायस्कूल गेलं. मृतांपैकी काही जण तळघरात उतरलेले होते, म्हणजे जे करायला सांगतात ते त्यांनी केलं होतं. तिथून तो टोर्नेडो पूर्वेला आपल्या काउंटीत शिरला, सीडर फॉल्सच्या उत्तरेकडून डंकर्टनपर्यंत आणि त्याच्याही पुढे गेला. एकूण चाळीस मैलांहून जास्त अंतर. आज आपली कितीतरी घरं त्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर आहेत. न्यू हार्टफर्डच्या लोकांवर तर दोन आठवड्यांच्या आत दुसरं संकट आलं. बीव्हर क्रीकला पूर आला आणि टोर्नेडोतून उरलेलं गाव रिकामं करावं लागलं.

त्या दिवसाचं एका बँकेच्या सुरक्षा कॅमेऱ्यांनी टिपलेलं चित्रण उपलब्ध आहे. खोली शांत आहे, मग काच जाते, मग खोलीच राहत नाही. सगळं काही सेकंदांत. घरांतले कागद आणि फोटो वाऱ्यानं इतके उंच नेले की त्यांतले काही शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात जाऊन पडले. मिसिसिपी नदीच्या पलीकडे एखाद्याच्या अंगणात पार्कर्सबर्गमधल्या कुणाच्या कुटुंबाचा फोटो पडलेला. आमच्या दुसऱ्या कामाची निकड यातूनच लक्षात यावी. या काउंटीत घरगुती कागदपत्रं अशीच उडून गेली आहेत. उरलं आहे ते लोकांच्या डोक्यात.

आणि ते फार काळ उरणार नाही. १५ मे १९६८ ला आयोवात एकाच दिवशी दोन एफ-५ (जुन्या श्रेणीपद्धतीतली सर्वांत वरची श्रेणी) टोर्नेडो झाले. एक ओल्वाइन आणि मेनार्डचा, त्यात पाच माणसं गेली. दुसरा चार्ल्स सिटीचा. चार्ल्स सिटी बटलरच्या उत्तरेच्या फ्लॉइड काउंटीत आहे, पण तो टोर्नेडो तिथे पोहोचण्याआधी बटलर काउंटीतल्या एअरडेल या छोट्या गावावरून गेला होता. चार्ल्स सिटीत तेरा माणसं गेली, साडेचारशेहून जास्त जखमी झाली. ट्रॅक्टरच्या कामासाठी इथे आलेल्यांना हे गाव ठाऊक असायला हवं. हार्ट-पार कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रॅक्टरचा धंदा उभा केला तो तिथेच. त्या संध्याकाळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. तेव्हा तिशीत असलेले शेतकरी आता क्वचितच भेटतात. एअरडेलसारख्या गावाची आठवण कुणी लिहून ठेवली नाही तर चार्ल्स सिटीच्या बातमीतली एक ओळ एवढंच तिचं अस्तित्व राहील.

त्याहून मागे गेलं तर नोंदी आणखी विरळ होतात. राष्ट्रीय पातळीवर टोर्नेडोंची पद्धतशीर यादी १९५० पासूनची आहे. त्याआधीचं जे कळतं ते जुन्या वर्तमानपत्रांतून, चर्चच्या दप्तरांतून आणि थडग्यांवरच्या तारखांवरून. आयोवातल्याच पॉमरॉय गावात ६ जुलै १८९३ च्या टोर्नेडोनं ७१ माणसं मारली. त्या काळात अंदाज नव्हताच. पुढेही कितीतरी वर्षं सरकारी हवामान खातं लोक घाबरतील म्हणून अंदाजात टोर्नेडोचं नावसुद्धा घेऊ देत नव्हतं. तो निर्बंध १९३८ मध्ये उठला. पहिला यशस्वी अंदाज मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी दिला. म्हणजे तोवर माणसं जगली ती आजी-आजोबांनी सांगितलेल्या खुणांवर: आभाळाचा हिरवट रंग, एकाएकी पडलेला वारा, दुरून येणारी मालगाडीसारखी घरघर.

आज रडार आहे, फोन आहे, सायरन आहे. मग रेडिओ कशाला, असा प्रश्न मंडळाच्या बैठकीतही आला. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

आपण महाराष्ट्रातून येताना वादळाची जी कल्पना घेऊन येतो ती समुद्रावरच्या चक्रीवादळाची. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा ते येणार हे दोन दिवस आधीपासून ठाऊक होतं. किनाऱ्यावरची माणसं हलवता आली. इथे तशी सवड नसते. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा वर येते, पश्चिमेकडून कोरडी हवा येते, उंचावरचा वारा वेगळ्या दिशेनं आणि वेगळ्या वेगानं वाहत असतो. त्या तिढ्यातून फिरणारा ढग तयार होतो, आणि त्यातल्या नेमक्या कोणत्या ढगाची सोंड जमिनीला टेकेल हे आधी सांगता येत नाही. ‘वॉच’ निघतो तो कितीतरी काउंट्यांसाठी आणि काही तासांसाठी: परिस्थिती अनुकूल आहे, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ निघते ती रडारवर फिरणारा वारा दिसला किंवा कुणी प्रत्यक्ष टोर्नेडो पाहिला की. वॉर्निंगनंतर हातात सरासरी दहा-बारा मिनिटं असतात. कधी तेवढीही नाहीत.

सायरन घराबाहेर असलेल्या लोकांसाठी असतात. बंद खिडक्यांच्या आत, एसी चालू असताना, झोपेत, ते ऐकू येतील असा कुणाचाच दावा नाही. शिवाय ते गावात असतात. चार मैलांवरच्या शेतघराला त्यांचा उपयोग नाही. फोनवर इशारा येतो, पण वादळात टॉवर पडला, वीज गेली किंवा रात्री फोन गप्प करून ठेवला की तोही गेला. वेदर रेडिओ साधी वस्तू आहे. थेट हवामान खात्याच्या प्रक्षेपणावर चालतो, वीज गेली तर बॅटरीवर. त्यात आपल्या काउंटीचा सहा आकडी संकेतांक भरायचा. बटलरचा ०१९०२३, आपल्या ब्लॅक हॉकचा ०१९०१३. त्या काउंटीसाठी वॉर्निंग निघाली की गप्प बसलेला रेडिओ रात्री दोन वाजताही स्वतःहून कर्कश वाजतो आणि मग बोलून सांगतो. एकाची किंमत तीस-चाळीस डॉलर.

अडचण बहुतेकदा किमतीची नसते. तो संकेतांक भरण्यात माणसं अडतात. तीन-चार बटणांची खटपट असते, छापील माहिती बारीक अक्षरात, आणि ज्येष्ठ मंडळी डबा न उघडता कपाटात ठेवून देतात. म्हणून आम्ही नुसते रेडिओ वाटणार नाही. आपले दोन-दोन स्वयंसेवक घरी जातील, संकेतांक भरतील, बॅटरी घालतील, दर आठवड्याला येणारी चाचणी कशी ओळखायची ते दाखवतील आणि तळघर किंवा घरातली सर्वांत आतली, बिनखिडकीची खोली कोणती ते त्या कुटुंबासोबत ठरवतील. मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांसाठी घरात सुरक्षित जागा नसतेच. त्यांनी कुठल्या पक्क्या इमारतीत जायचं आणि तिथे पोहोचायला किती मिनिटं लागतात हेही तेव्हाच पाहून ठेवायचं. टोर्नेडोंच्या बळींमध्ये या घरांतल्या माणसांचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानानं फार मोठं असतं, त्यामुळे पहिले रेडिओ त्यांना. या टप्प्यात शंभर घरं करायची आहेत.

आता आठवणींचं काम. हे आम्ही काउंटीतली ग्रंथालयं आणि स्थानिक इतिहासाची आवड असलेली मंडळी यांच्या सोबतीनं करणार आहोत. पुढाकार त्यांचा, हात आपले. एकेका माणसाशी तासभर बोलायचं, ध्वनिमुद्रण करायचं, त्याच्याकडे फोटो किंवा कात्रणं असतील तर त्याच टेबलावर स्कॅन करून मूळ प्रत त्याला परत द्यायची. प्रश्न ठरवून ठेवले आहेत: कुठे होता, इशारा कसा कळला, कळल्यावर नेमकं काय केलं, किती वेळ मिळाला, कोणत्या भिंतीला टेकून बसला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी कोण आलं. शेवटच्या प्रश्नाला आमच्या मते फार मोल आहे. पार्कर्सबर्गच्या हायस्कूलचे फुटबॉल प्रशिक्षक एड टॉमस यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात शाळेचा सामना घरच्या मैदानावर होईल असं सांगितलं होतं, आणि तो झाला. त्यासाठी माणसं गवतातून काचेचे तुकडे आणि खिळे हातांनी वेचत फिरली. ही माणसं कोण होती, कुठून आली होती, त्यांना कुणी जेवायला घातलं, हे त्यांच्याकडूनच ऐकायला हवं.

कुणी म्हणेल, हे काम तिथल्या लोकांचं, आपण मराठी मंडळानं त्यात का पडावं? आपण इथे राहतो, मुलं इथल्या शाळांत आहेत, त्या शेतांवर चालणारे ट्रॅक्टर आपल्यातली कितीतरी माणसं बनवतात. ज्या वाटेनं २००८ चा टोर्नेडो आला त्याच वाटेनं पुढचा येऊ शकतो. या लोकांना जे माहीत आहे ते शिकून घेण्याची गरज त्यांच्याइतकीच आपल्याला आहे. आपल्यातली नवी जोडपी दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहतात आणि सायरन वाजला की बाल्कनीत येऊन आभाळ बघतात. त्यांना कुणी हवामानतज्ज्ञ बोलावून भाषण देण्यापेक्षा, तळघराच्या जिन्याखाली दोन मुलांना पोटाशी धरून बसलेल्या आईचं बोलणं ऐकवलं तर जास्त उपयोग होईल, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मदत कशी करता येईल ते सांगतो. एका रेडिओचा खर्च, बॅटरी धरून, चाळीस डॉलर धरा. ज्यांना जमेल त्यांनी एक घर घ्यावं, दोघा-तिघांनी मिळून एक घेतलं तरी उत्तम. देणगी मंडळाच्या नेहमीच्या खात्यात जमा करावी आणि सोबत ‘वेदर रेडिओ’ असं लिहावं, म्हणजे ही रक्कम गणपतीच्या वर्गणीत मिसळणार नाही. प्रत्येक देणगीची पावती मिळेल. किती रेडिओ घेतले, किती घरांत बसवले, किती पैसे उरले, याचा हिशेब पावसाळी सहलीच्या वेळी सगळ्यांसमोर ठेवू. पैसे उरले तर तेही बॅटऱ्यांवरच खर्च होतील, कारण बॅटरी दरवर्षी बदलावी लागते.

घरोघरी जाण्यासाठी गाडी चालवणारी माणसं हवीत, शनिवारी सकाळी चार तास. बोलण्याच्या कामासाठी धीरानं ऐकणारी माणसं हवीत. इथे आमची खास विनंती निवृत्त आई-वडिलांना आहे, जे मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले असतात. कोयनेचा भूकंप, पानशेतचा पूर, किल्लारी पाहिलेली माणसं समोर बसली की बटलरमधल्या आजीला बोलायला वेगळं बळ येईल. भाषेसाठी सोबत आपली कॉलेजातली मुलं असतील.

पुण्यातल्या मित्रमैत्रिणींनी पैसे पाठवण्याची खटपट करू नये. तुमच्याकडून वेळ हवा आहे. ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करायची आहेत. मध्य-पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांची बोलण्याची ढब रोज फोनवर ऐकणाऱ्या तुमच्यासारख्यांना ती जितकी चटकन कळेल तितकी इतरांना कळणार नाही. आठवड्याला एक तास दिलात तरी पुरे.

आणि तुमच्यापैकी कुणी मे २००८ मध्ये इथेच होता, पार्कर्सबर्गला मलबा उपसायला किंवा जूनमधल्या पुरात सीडर फॉल्सला वाळूची पोती भरायला गेला होता, तर तुमचीही आठवण आम्हाला हवी आहे. मराठीतच सांगा. तिचं भाषांतर करून आम्ही ती त्याच संग्रहात ठेवू.

नावनोंदणीचं टेबल गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात, प्रवेशद्वाराच्या उजव्या हाताला असेल. एक रेडिओ तिथे चालू ठेवला आहे, संकेतांक कसा भरायचा ते स्वतः करून बघा. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी मंडळाच्या ईमेलवर नाव, गाव आणि कोणत्या कामात हात द्याल एवढं कळवावं. एप्रिलच्या मध्यापर्यंत रेडिओंची मागणी नोंदवायची आहे, त्यामुळे देणगी त्याआधी पोहोचली तर बरं होईल.

कळावे,
कार्यकारी समिती