'नेश' हा बिघडलेला शब्द नाही

मा. संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या बोलींवरचा लेख वाचला, छान होता, पण त्यात 'नेश' हा शब्द म्हणजे खाणकामगारांनी बिघडवलेलं इंग्रजी असं म्हणून दोन ओळीत उडवून लावलाय ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय. नोकरीमुळे मी काही वर्षं शेफील्डला होतो, तिथे हा शब्द सारखा कानावर यायचा आणि बहुतेक वेळा माझ्याच नावाने.

नेश म्हणजे ज्याला थंडी सोसत नाही असा. जानेवारीत शनिवारी रात्री तिथली पोरं नुसत्या टीशर्टवर पबबाहेर लाइनीत उभी असतात, दातावर दात वाजतायत पण जॅकेट घालणार नाहीत, कारण घातलं की बाकीचे नेश म्हणून चिडवणार. शेफील्ड, डर्बीशर, नॉटिंगहॅम, स्टोक या पट्ट्यात शब्द सगळ्यांना माहीत, लंडनवाला मात्र बऱ्याचदा तोंडाकडे बघत बसतो.

आता मूळ बघा. जुन्या इंग्रजीत 'ह्नेशे' म्हणजे मऊ, नाजूक, आणि हे 1066 ला फ्रान्सकडून नॉर्मन लोक यायच्या आधीचं. त्याचाच भाऊबंद गॉथिकमध्ये, म्हणजे इंग्रजीच्याच कुळातल्या एका जुन्या भाषेत, चौथ्या शतकातल्या वुल्फिला या बिशपच्या बायबलच्या भाषांतरात आहे, मऊ कपडे घातलेला माणूस असा उल्लेख येतो तिथे. म्हणजे बिघडवलं कोणीच नाही, प्रमाण इंग्रजीने शब्द टाकून दिला आणि मिडलँड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या लोकांनी ठेवला, एवढंच. 'स्टार्व्ह्ड'चंही तसंच, मूळ अर्थ मरणं, पुस्तकी इंग्रजीत उरली फक्त उपासमार पण उत्तरेकडची म्हातारी माणसं थंडीने गारठलो या अर्थानेही तोच शब्द वापरायची.

आणि बोलींवर लेख लिहून जोसेफ राइटचं नावही नाही हे जरा अतीच झालं! यॉर्कशरचा हा माणूस सहाव्या वर्षी दगडखाणीवर गाढवं हाकत होता, मग सॉल्टेअरच्या गिरणीत डॉफर, म्हणजे भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायच्या, पंधरा वर्षांचा होईपर्यंत लिहिता वाचता येत नव्हतं, आणि तोच पुढे हायडेलबर्गला डॉक्टरेट करून ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टोल्किन त्याचा विद्यार्थी. इंग्लिश बोलींचा सहा खंडांचा कोश त्याने 1898 ते 1905 मध्ये काढला, नेश त्यात आहेच. पुढे 1950 पासून लीड्स युनिव्हर्सिटीने 313 ठिकाणी फिरून बोली नोंदवल्या, त्यासाठी माणसं निवडताना म्हातारा हवा पण दात शाबूत हवेत असं बघायचे, कारण बोळक्या तोंडातून उच्चार नीट कळणार कसे.

तेव्हा नेशबद्दलची ती ओळ दुरुस्त करून छापावी आणि जमलं तर लेखकांनी पुढच्या वेळी राइटवर सविस्तर लिहावं ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे